वळीव आणि पाटाचे पाणी

पिंपरीतल्या एका कारखान्यात अब्बांनी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. पाळी सुटली की गेटासमोरच्या टपरीवर चहा व्हायचा आणि चहाबरोबर एक वाद ठरलेला असायचा. अब्बांचे सोबती सांगलीकडचे. ते विजय हजाऱ्यांचे भक्त, तर अब्बा सय्यद मुश्ताक अलींचे. दोघांनीही आपापल्या नायकाला मैदानावर कधी पाहिले नव्हते. सारे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले.

सोबती म्हणायचे, "भाई, पीक पाटाच्या पाण्यावर येतं, एका वळवावर नाही."

अब्बा म्हणायचे, "खरं आहे भाऊ, पण मातीचा वास वळवालाच सुटतो ना?"

फलंदाज मोजायचा कसा, हा वाद आजही संपलेला नाही. एका डावाच्या उंचीवरून मोजायचा, की साऱ्या कारकिर्दीच्या सरासरीवरून?

१९३६ च्या जुलैत मँचेस्टरला इंग्लंडने ८ बाद ५७१ धावांवर डाव घोषित केला. भारत पहिल्या डावात २०३ धावांत गुंडाळला गेला होता. दुसऱ्या डावात विजय मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला आले आणि नेमक्या तेवढ्याच, २०३ धावांची भागीदारी करून गेले. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. सामना वाचला. दुसऱ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा मुश्ताक १०६ वर नाबाद होते आणि मर्चंट ७९ वर. परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय म्हणून मुश्ताक अलींचे नाव लागले.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. प्रथम श्रेणीत मर्चंटांची सरासरी ७१.६४, मुश्ताक अलींची ३५.९०, म्हणजे जवळजवळ निम्मी. आकड्यांच्या दरबारात निकाल लागला. पण १९४५ मध्ये कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताकना वगळले, तेव्हा प्रेक्षकांनी निवड समितीला घेरले आणि त्यांना परत संघात आणायला लावले. इंदूरच्या एका मुसलमान फलंदाजासाठी कलकत्त्याची सर्वधर्मीय गर्दी रस्त्यावर उतरते, आणि तीही त्या काळात! मुंबईत तेव्हा हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मावर बेतलेले संघ पंचरंगी स्पर्धेत एकमेकांशी खेळत होते. मुश्ताकही तिथे मुस्लिम संघातून खेळत. ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली. कलकत्त्याच्या गर्दीने मात्र सरासरीही विचारली नाही आणि जातही विचारली नाही.

दुसरे उदाहरण मार्च १९४७ चे. बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना होता आणि समोर होळकरांचा संघ. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले आणि सांगलीत जन्मलेले, ख्रिस्ती घरातले विजय हजारे व लाहोरचे गुल मोहम्मद यांची जोडी जमली. त्या जोडीने ५७७ धावा केल्या. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

त्या दिवशी थोरला डाव गुल मोहम्मदांचा होता. पण त्यांची साऱ्या कसोटींतली सर्वोच्च धावसंख्या अवघी ३४. भारताकडून आठ कसोट्या आणि पुढे पाकिस्तानकडून एक. उलट हजाऱ्यांनी ३० कसोट्यांत ४७.६५ च्या सरासरीने २१९२ धावा केल्या. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. इथे अब्बांच्या सोबत्यांचे म्हणणे पटते.

पण थांबा. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर घ्या. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीत निंबाळकरांची सरासरी ४७.९३, म्हणजे सातत्यही होते. तरी त्यांना एकही कसोटी मिळाली नाही.

इथे माझ्या मनात वादाची दिशा बदलते. सातत्य दाखवायला आधी मैदानावर पुन्हापुन्हा उतरू द्यावे लागते. मुश्ताक अलींचे कसोटी पदार्पण १९३४ चे, शेवटची कसोटी १९५२ ची. अठरा वर्षांत कसोट्या अकरा. मधली दहा वर्षे, १९३६ ते १९४६, भारत एकही कसोटी खेळला नाही. ऐन उमेदीचा तो काळ महायुद्धाने खाल्ला. मर्चंटांनाही दहाच कसोट्या मिळाल्या. अशा माणसांची सरासरी काढणे म्हणजे दुष्काळी सालावरून जमिनीचा कस ठरवणे.

आणि भरपूर संधी मिळालेल्याचे काय? आमच्या पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या गहुंजेच्या मैदानात त्याचे उत्तर आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध विराट कोहलीने तिथे दोन्ही डावांत मिळून १३ धावा केल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४. तेव्हा त्याची कसोटी सरासरी पंचावन्नच्या आसपास होती. मे २०२५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा १२३ कसोट्यांनंतर ती ४६.८५ वर आली होती. शिखर त्याचे आणि उतारही त्याचाच. पण तो उतार दिसेपर्यंत खेळायला मिळाले, हेही भाग्यच.

आज चाकणच्या रस्त्याने कंपन्यांच्या बसगाड्या जातात. त्यांत कंत्राटावरची पोरे असतात, आपल्या मोहल्ल्यांतलीही. सहा-सात महिन्यांनी काम सुटते, दुसऱ्या गेटावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग मुलाखत घेणारा विचारतो, "एका जागी टिकला का नाहीस?" त्या पोरांकडे पाहिले की मला मुश्ताक अलींच्या अकरा कसोट्या आठवतात.

आज देशातली एकदिवसीय स्पर्धा विजय हजाऱ्यांच्या नावाने आहे आणि वीस षटकांची मुश्ताक अलींच्या नावाने. दोघांनाही जागा मिळाली. अब्बा आणि त्यांचे सोबती आता हयात नाहीत. असते तर त्या टपरीवर मी एवढेच म्हणालो असतो, की पाटाचे पाणी मोठे की वळीव, हे जरूर भांडा. पण आधी विचारा, पाट कुणाच्या शेतापर्यंत पोचला होता?