पावकी, अडीचकी आणि आजीचा हिशोब

मुर्रीहून बोलते आहे. मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोब करणाऱ्या पोरीचा मोबाईल बंद पडला. साडेतीन हजारांवर महिना दीड टक्क्याने व्याज किती, ते कोणालाच काढता येईना. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "साडेबावन्न रुपये." साऱ्याजणी तिच्याकडे बघतच राहिल्या. तिने एवढंच केलं होतं: साडेतीन हजारांत शेकडे पस्तीस, आणि पस्तीस दिढे साडेबावन्न. तिला दिडकी पाठ होती.

ही दिडकी काय, ते नव्या पोरींना सांगते. जुन्या गावठी शाळेत पंतोजी तीसपर्यंतच्या पाढ्यांवर थांबत नसत. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. दिवेलागणीला पोरं परवचा म्हणत, त्यात हे सगळं सुरात येई.

एवढे अपूर्णांक कशाला? कारण बाजारच तसा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे शेर चाळीस. तिथे दहा-शंभरचा हिशोब चालत नसे, पाव आणि अर्धा चाले.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते. जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर! समजा तांदूळ बारा रुपये मण. तर अडीच शेराचे बारा आणे. कारण चाळीस शेरांत अडीच शेर सोळा वेळा बसतात, आणि रुपयात आणेही सोळाच. आता बाईने साडेसात शेर विकले, तर अडीचकीत ते तीन वेळा, म्हणजे बारा त्रिक छत्तीस आणे. चार आण्यांची एक पावली, म्हणून झाल्या नऊ पावल्या. पावकीत नऊ पाव सव्वादोन. दोन रुपये चार आणे! व्यापारी वही उघडेपर्यंत बाईचा आकडा तयार.

पण बायांपैकी कितीजणींना हे येत होतं? पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हासुद्धा केवढा विरोध झाला. माझी आजी शाळेत गेलीच नाही. भाऊ ओसरीवर परवचा म्हणे, ती आत चुलीपाशी ऐके. पाटीवर एक आकडा तिला कधी काढता आला नाही, पण औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ. त्या काळी आपलं गोंदिया भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्यप्रांतात होता. राज्यं बदलली, आजीचे पाढे तेच राहिले.

मग १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथवर ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा होतात, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून आण्याचे सहा धरले. आण्याला भाजीची जुडी विकणारीने चार वेगळ्या गिऱ्हाइकांना चार जुड्या विकल्या, की पंचविसाऐवजी चोवीसच हातात. पैसाच गेला म्हणाल, पण तिचा दिवसच पैशांवर चाले. पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले आणि शाळेतून पावकी-अडीचकी हळूहळू उठली. दहाचा हिशोब सोपा, हे खरंच. मी काही जुनं ते सोनं म्हणणारी नाही.

व्याज मात्र अजून जुन्याच बोलीत बोललं जातं. दारी येणारा सावकार टक्का सांगत नाही, "शेकड्याला फक्त पाच" म्हणतो. पाच रुपये ऐकायला किती कमी! पण ते महिन्याचे. बारा पंचे साठ. वर्षाला शंभरावर साठ रुपये. आठ हजार घेतले तर ऐंशी शेकडे, पाचाने महिना चारशे, आणि मुद्दल तसंच उभं. आमच्या गटात दोन टक्के आहे, तिथे तेच एकशे साठ, आणि ते गटातच राहतात.

आता त्या म्हातारीनेच घातलेलं एक कोडं. सहा हजार दोनशे रुपये, दर शेकडा दीड, महिने अडीच. आधी दिडकी, मग अडीचकी. बासष्ट दिढे त्र्याण्णव. त्र्याण्णवाची अडीचकी तुम्ही करा. मोबाईल पिशवीत ठेवून.