पाटा लांब की पाटे जास्त?

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी माझ्या शेजाऱ्याला टॉर्च धरायला माणूस हवा होता, म्हणून मी गेले. आम्ही बॉनमध्ये ऱ्हाईनच्या उजव्या काठावर, बॉयेलला राहतो. तासावर जागा भाड्याने मिळते अशा एका गॅरेजात त्याने आपला जुना पिकअप ट्रक उचलून ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी जुन्या खाणींमधल्या खडकाळ मैदानांवर हा ट्रक चालवायचा, हा त्याचा छंद. त्या दिवशीचं काम एकच होतं : मागचे पाटे काढून त्यांच्या जागी लांब पाटे बसवायचे.

पाटे म्हणजे काय हे तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण एसटी स्टँडच्या आसपास गेलं त्यांना सांगायला नको. ट्रकच्या मागच्या चाकांजवळ वाकून पाहिलं की एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या दिसतात, त्याच. आपण त्यांना कमानपाटे म्हणतो. जर्मनमध्ये शब्द आहे ‘ब्लाटफेडर’. ब्लाट म्हणजे पान आणि फेडर म्हणजे स्प्रिंग, पण फेडर म्हणजे पक्ष्याचं पीससुद्धा. जर्मनांना त्या पोलादात पान आणि पीस दिसलं. आपला ‘कमान’ हा शब्द फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ धनुष्य.

शेजाऱ्याने जुने यू-बोल्ट ग्राइंडरने कापले आणि १२० सेंटिमीटरचे पाटे खाली घेतले. नवे १६० सेंटिमीटरचे होते. अ‍ॅक्सल आहे तिथेच राहायला हवा, नाहीतर प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकते. म्हणून चासीवरचा पुढचा ब्रॅकेट आणखी पुढे आणि शॅकलचा ब्रॅकेट आणखी मागे न्यावा लागला. ब्रेकचा होजही लांब घ्यावा लागला, कारण आता चाक पूर्वीपेक्षा बरंच खाली लोंबकळणार होतं.

एवढा खटाटोप ४० सेंटिमीटरसाठी कशाला? घरात फूटपट्टी असेल तर टेबलाच्या कडेला धरून पाहा. थोडी बाहेर काढून टोक दाबलं तर ती ताठ राहते, जास्त बाहेर काढली तर सहज वाकते. लवचिकता लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६० भागिले १२० म्हणजे चार-तृतीयांश, त्याचा घन सुमारे २.४. जाडी, रुंदी आणि पाट्यांची संख्या तीच ठेवली तर लांब पाटा जवळपास अडीचपट मऊ होतो. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीला धरून राहतं, आणि खडकात त्यालाच महत्त्व असतं. पण फुकट काही मिळत नाही. तेवढ्याच वजनाला लांब पाट्यातला ताण एक-तृतीयांशाने वाढतो. शिवाय जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळवटतो आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो. थोडक्यात, लांब पाट्याच्या गाडीने वजन बेताने घ्यायचं असतं.

टॉर्च धरून उभी असताना मला मामा आठवले.

नव्वदच्या दशकात मामा कऱ्हाड-पाटण मार्गावर वडाप चालवायचे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी महाराष्ट्रभर पोचली. पण वाडीवस्तीवर दिवसातून एक-दोन फेऱ्या, आणि बाजाराचा दिवस असला की माणसं टपावर. ही उणीव ज्या जीपगाड्यांनी भरून काढली त्यांना आमच्याकडे वडाप म्हणतात, मराठवाड्यात काळी-पिवळी. या गाड्यांचा मूळ पुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत तिची जुळणी सुरू केली. सैन्याच्या वर्गवारीत ती पाव टनाची गाडी होती. मामांची गाडी त्याच घराण्यातली, पण लांब बॉडीची, आणि तिच्यात सोळा माणसं बसायची. सरासरी ५५ किलो धरले तरी ८८० किलो झाले. कोंबड्या, पोती आणि टपावरचा मुलगा यात धरलेला नाही.

हे वजन पेलायला मामांनी काय केलं? आमच्याकडे सगळे करायचे तेच. कारखान्यातून आलेल्या पाच पाट्यांत प्रत्येक बाजूला आणखी दोन घातले. सरळ हिशोबाने पाचाचे सात झाले की ताठपणा चाळीस टक्क्यांनी वाढतो. गाडी बसत नाही, टायर घासत नाहीत. पण सातही पाट्यांचा ताठपणा रिकाम्या गाडीलाही सोडत नाही. सकाळी पाटणला रिकामी जाताना प्रत्येक खड्डा थेट मणक्यात उतरायचा. मागच्या आडव्या बाकावर मी हे अनुभवलं आहे. मामांनी ते बावीस वर्षं अनुभवलं. पन्नाशीत त्यांना खाली बसून जेवणं बंद करावं लागलं.

मला इथे एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. गाड्यांचा इतिहास आपण इंजिनांचा आणि करारांचा लिहितो. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला, जमशेदपूरला ट्रक बनू लागले. तेव्हा बॉन हीच पश्चिम जर्मनीची राजधानी होती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जबलपूरला जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या आराखड्यावर लष्कराचा ‘शक्तिमान’ तयार होऊ लागला. साताऱ्यातल्या फौजी घरांमध्ये आजही त्याचं नाव निघतं. पुढे सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा केला. मुळगावकर धाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवायचे आणि त्यांच्या तक्रारी ऐकायचे, असा किस्सा सांगितला जातो. ही सगळी माहिती पुस्तकांत सापडते. पण गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर तिच्या पाट्यांचं काय झालं, ते गॅरेजवाल्यांना ठाऊक असतं, आणि मागे बसणाऱ्यांच्या पाठींना.

पाटा लांब करायचा की पाटे वाढवायचे, हा प्रश्न दिसायला तांत्रिक आहे. त्याचं उत्तर मात्र गाडी कोणाची भाकरी कमावते यावर ठरतं. माझ्या शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये मागे एक पेटी आणि एक कुत्रा असतो. वजन सोडून देणं त्याला परवडतं, म्हणून तो मऊपणा विकत घेऊ शकतो. मामांना एक माणूस कमी घेणं म्हणजे एक तिकीट सोडणं. त्यांचा मऊपणा त्यांनी दोन-दोन पाट्यांनी विकला, आणि त्याबरोबर आमच्या सगळ्यांचा.

कायद्याची बाजूही तशीच. इथे असा बदल केला की गाडीची परवानगी रद्द समजली जाते. अधिकृत तपासनिसाने गाडी पाहून, नवे पाटे कागदपत्रांत नोंदवले तरच ती रस्त्यावर आणता येते. शेजाऱ्याने त्यासाठी फोटो, मापं आणि वेल्डिंगचा दाखला अशी फाइलच केली होती. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मामांनी फाइल कधी केली नाही. करायची म्हटली असती तरी त्या कागदावर ‘सोळा माणसं’ कोणी लिहून दिलं असतं?

रात्री मी मामांना फोन लावला. लांब पाट्यांची गंमत, फूटपट्टी, घन, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आगं, ते समदं खरं. पन मग मानसं किती बसायची?”

मी म्हटलं, “मामा, माणसं बसवायचीच नाहीत त्यात.”

थोडा वेळ फोनवर काही आलं नाही. मग म्हणाले, “आसं व्हय. मग चांगलंय की.”

आता काढलेल्या पाट्यांबद्दल. गॅरेजच्या मागे भंगाराचा लोखंडी डबा होता, शेजाऱ्याने जुने पाटे त्यात टाकले. माझा हात नकळत पुढे झाला होता, कारण आपल्याकडे पाटा असा मरत नाही. लोहार तो भट्टीत घालतो, ठोकून सरळ करतो आणि त्याचा कोयता बनवतो. चांगल्या कोयत्याची खूण म्हणजे तो कमानपाट्याचा आहे. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन भरपूर असतो, त्यामुळे नीट पाणी दिलं की धार टिकते. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात निघतात ते असेच कोयते घेऊन. त्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे.

म्हणजे पाहा : ट्रकच्या मागे संसार, पोरं आणि शेळ्या घेऊन ही माणसं पाट्यांवर बसून येतात, पाट्यानेच ऊस तोडतात, आणि त्यांची मोजदादही पाट्याच्याच नावाने होते. त्या ट्रकमध्ये जास्तीचे पाटे किती घातले आहेत हे कोणत्याही कागदावर नसतं. पण ते घातलेले असतात, कारण परतीच्या नव्हे तरी उसाच्या फेरीत गाडी भरून वाहणार असते.

पुढच्या वेळी गावी गेलात आणि पुढे ट्रक उभा दिसला, तर चाकाजवळ वाकून पाटे मोजा. वरचे चार-पाच एकाच गंजाचे, एकाच वयाचे असतील. त्यांच्यात वेगळ्या रंगाचा, नंतर घातलेला एखादा दिसला, तर समजा की या गाडीत कोणीतरी ठरल्यापेक्षा जास्त वाहिलं आहे.

डब्यातला एक पाटा मी शेजाऱ्याला विचारून घरी आणला. साडेतीन किलोचा आहे. विमानात नेता येणार नाही हे मला कळतं. मामांना अजून सांगितलेलं नाही.