विद्यापीठ आणि स्वयंसेवी संस्था : खानदेशातील एक अपुरे नाते

खानदेशात विद्यापीठ आले ते स्वयंसेवी संस्थांनंतर जवळजवळ शतकभराने. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली ती १८९३ मध्ये. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये उभे राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी राजवाडे संशोधन मंडळ काढले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना मात्र १५ ऑगस्ट १९९० ची. तोपर्यंत येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गिरणेकाठच्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी स्त्रीचे नाव विद्यापीठाला लाभावे, यात ज्ञान केवळ वर्गातच निर्माण होत नाही याची कबुली आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील सामाजिक संस्थांशी विद्यापीठाचा व्यवहार त्या कबुलीला साजेसा आहे काय, हा प्रश्न त्यामुळे अधिकच विचारण्याजोगा ठरतो.

या संस्थांचे स्वरूप एकसारखे नाही. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानसारखी रक्तपेढीपासून अनेक सेवाकार्ये चालविणारी मोठी संस्था आहे, दिव्यांग विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठी घडविणारे दीपस्तंभ फाउंडेशन आहे आणि २०१२ मध्ये जैन हिल्सवर उभे राहिलेले गांधी तीर्थ आहे. सातपुड्यात वनहक्कांसाठी झगडणाऱ्या संघटना आहेत. नर्मदाकाठच्या बुडिताच्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जीवनशाळा सुरू केल्या. परंतु संख्येने सर्वाधिक आहेत त्या तालुक्याच्या गावी, एका खोलीच्या कार्यालयातून चालणाऱ्या लहान संस्था. विद्यापीठाच्या साहाय्याची खरी गरज आहे ती यांना.

ही गरज बहुधा पैशांची मानली जाते. प्रत्यक्षात ती अनेकदा कागदांची असते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अहवाल सादर करावा लागतो. तो वर्षानुवर्षे राहून जातो आणि पुढे एखाद्या अनुदानाच्या वेळी कागदोपत्री विश्वस्त म्हणून दिवंगतांचीच नावे निघतात. आयकर सवलतीची नोंदणी २०२१ पासून मुदतबंद झाली असून तिचे नूतनीकरण करावे लागते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर त्याच वर्षापासून केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी अनिवार्य आहे. लेखापरीक्षण, वार्षिक विवरणे, ठरावांची इतिवृत्ते हे सारे सांभाळणारा माणूस नेमणे लहान संस्थेला परवडत नाही. ज्याने आयुष्य पाड्यांवर आरोग्याचे काम करण्यात घालविले, त्याला खतावणी येत नाही म्हणून त्याचे काम थांबावे हे काही न्यायाचे नव्हे.

आणि येथेच विद्यापीठापाशी काही देण्यासारखे आहे. तिन्ही जिल्ह्यांत वाणिज्य व विधी शाखांची महाविद्यालये आहेत. अनुभवी सनदी लेखापाल आणि वकील यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी तालुक्यातील पाच-सात संस्थांचे हिशेब व नोंदी मार्गी लावल्या तर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष व्यवहार शिकता येईल आणि संस्थेचे ओझे हलके होईल. विधी महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्रांची पद्धत रूढ आहेच. त्यांच्या कामात सार्वजनिक न्यासांची प्रकरणे आणण्यास नव्या कायद्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांना समाजात पाठविण्याची व्यवस्था तशी जुनी आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून सुरू आहे. तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर अपेक्षित असते. जळगाव, अमळनेर, चोपडा आणि धुळ्याजवळील मोराणे येथे समाजकार्य महाविद्यालये आहेत, त्यांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्थांत जातात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांकही मिळतात. व्यवस्था आहे, पण तिचा हिशेब एकतर्फी आहे. विद्यार्थी संस्थेत येतो, माहिती घेतो, अहवाल लिहितो आणि तो अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो. संस्थेच्या हाती उरतो तो निरोप समारंभाचा फोटो. श्रेयांकांची सक्ती वाढली की शिक्क्यापुरते येणारे विद्यार्थीही वाढतील, ही कार्यकर्त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. प्रत्येक अहवालाची मराठी प्रत संस्थेला देणे आणि त्यावर तिचे मत घेणे, एवढा साधा नियम केला तरी बराच फरक पडेल.

संशोधनाच्या बाबतीत बारीपाड्याचे उदाहरण बोलके आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या पाड्याने १९९० च्या दशकापासून सुमारे ११०० एकर जंगल राखले. वनवासी कल्याण आश्रमाशी जोडलेले आणि वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गावातच राहिलेले चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने हे काम झाले. २००४ पासून तेथील रानभाज्यांच्या स्पर्धेने नाव मिळविले आणि २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. या गावाने स्वतःची घडी कशी बसविली याचा शास्त्रीय अभ्यास कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी केला आणि तो २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. बाहेरच्यांनी अभ्यास करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण कोणत्या वनस्पती परतल्या, विहिरींची पातळी किती वाढली, स्थलांतर किती घटले याची नोंद वर्षामागून वर्षे ठेवायची तर ते काम धुळ्या-जळगावच्या वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांनाच जमण्यासारखे आहे. विमानाने येणारा संशोधक दरवर्षी येऊ शकत नाही.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, तेव्हापासून सामूहिक दाव्यांसाठी नकाशे, सीमांच्या नोंदी आणि पुरावे लागतात. भूगोल विभागाकडे ती साधने असतात. त्याचप्रमाणे राजवाडे मंडळातील मोडी कागद वाचणारे जाणकार ही इतिहास विभागाची जबाबदारी होऊ शकते. संस्थेने दप्तरे जपली, वाचक घडविणे तिला एकटीला शक्य नाही.

सामाजिक दायित्व निधीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाला. त्यानुसार मोठ्या कंपन्यांना एक कोटी वा त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावे लागते. हे काम बहुधा महानगरांतील सल्लागारांकडे जाते. अहिराणी, भिली किंवा पावरी जाणणारे विद्यार्थी हाताशी असलेल्या विद्यापीठाने ते का करू नये? अट एकच, की ज्या संस्थेला विभाग मदत करतो तिचेच मूल्यमापन त्याने करू नये.

नेदरलँड्समधील विद्यापीठांनी १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकाने’ उघडली. पैसे नसलेल्या नागरिक गटांनी आपला प्रश्न आणावा, विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे उत्तर शोधावे, अशी ती योजना होती. यात प्रश्न विद्यापीठाचा नसून समाजाचा असतो, हे महत्त्वाचे. आपल्याकडे २०१४ च्या उन्नत भारत अभियानात शिक्षणसंस्था गावे दत्तक घेतात. ‘दत्तक’ या शब्दातच पालक कोण हे ठरून जाते.

अडचणी आहेत. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल यांतच विद्यापीठाची बरीच शक्ती खर्च होते, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात. त्याहून नाजूक प्रश्न निवडीचा आहे. रक्तपेढीशी करार करायला कोणाची हरकत नसते, पण धरणग्रस्तांच्या किंवा वनहक्काच्या संघटनेने माहिती मागितली की कुलसचिवांच्या टेबलावर फाइल रेंगाळण्याचा संभव असतो. संघटनेची बाजू घेण्याचे कारण नाही, परंतु तिच्या प्रश्नाला अभ्यासाचे उत्तर देणे हे विद्यापीठाचे काम आहे. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ दिले आहे. धुळ्यात महात्मा गांधी तत्त्वज्ञान केंद्र आणि नंदुरबारला आदिवासी अकादमी ही विद्यापीठाची ठाणीही आहेत. संस्थांचे प्रश्न स्वीकारण्याची खिडकी तेथेच उघडता येईल. धडगावच्या कार्यकर्त्याला त्यासाठी दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून जळगाव गाठावे लागणार नाही, आणि विद्यार्थ्यांच्या एसटी भाड्याची व मुक्कामाची तरतूद अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली झाली तर ही खिडकी पहिल्या वर्षानंतरही उघडी राहील.