आपली चूक आपण सुधारणारें यंत्र

घराच्या माळ्यावर पाण्याची टाकी असते. पहांटे नळाला पाणी आलें कीं ती भरूं लागते आणि काठोकाठ भरण्यापूर्वींच नळ आपोआप बंद होतो. तो बंद करण्यासाठीं कोणी जागत बसत नाहीं. टाकींतील पाण्यावर एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाण्याबरोबर तो वर चढतो, त्याला जोडलेला दांडा नळाची झडप दाबून धरतो, आणि पाणी उतरलें कीं तोच गोळा खालीं येऊन झडप मोकळी करतो. ह्या गोळ्याला कोणी बुद्धिमान म्हणणार नाहीं. तरी एका गोष्टींत तो पुष्कळ महागड्या यंत्रांहून शहाणा आहे. आपण केलेल्या कामाचा परिणाम काय झाला, हें तो पाहतो आणि त्यावरून पुढचें काम ठरवितो.

परिणामाची वर्दी कारणाकडे परत पोंचवावयाची आणि त्या वर्दीवरून कारणाला आवर घालावयाचा, ह्या कल्पनेला मराठींत प्रतिसंभरण असें नांव आहे. इंग्रजींतील फीडबॅक हा शब्दही आतां आपल्या कानांना परका राहिलेला नाहीं. आजच्या भाषणांत ह्या एका कल्पनेचा इतिहास सांगावयाचा आहे. हा इतिहास यशाचा आहे, तसा फजितीचाही आहे. आणि त्यांतील फजितीच आपल्याला अधिक शिकविते.

कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींत क्टेसिबिअस नांवाचा एक यंत्रकार होऊन गेला. त्यानें पाण्याचें घड्याळ केलें. पात्रांतील पाणी जसजसें कमी होतें तसतशी त्याची धारही मंद होते, आणि धार मंद झाली कीं घड्याळ मागें पडतें. म्हणून वरच्या पात्रांतील पाण्याची पातळी सदैव एकसारखी राखणें अवश्य होतें. त्यासाठीं त्यानें तरंगत्या झडपेची योजना केली. आपल्याकडील घटिकापात्राची रीत ह्याहून निराळी होती. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवावयाची, ती भरून बुडाली कीं एक घटका झाली असें समजावयाचें. लग्नघरीं मुहूर्त साधण्यास ही वाटी पुरेशी होती. परंतु ती बुडाली कीं उचलून पुन्हां पाण्यावर ठेवावयास शेजारीं मनुष्य लागे. क्टेसिबिअसनें तरंगत्या तुकड्याकडून जें करून घेतलें तें नेमकें ह्या मनुष्याचें काम होय. त्यानें पहारा यंत्राकडे सोंपविला.

ह्या पहाऱ्याचें महत्त्व जगाला पटलें तें मात्र वाफेच्या एंजिनामुळें. खाणींतील पाणी उपसतांना एंजिन थोडें जलद अथवा थोडें मंद चाललें तरी फारसें बिघडत नसे. सूत कातावयाचें म्हणजे वेग एकसारखा हवा. कांहीं चात्या थांबल्या कीं एंजिनावरील भार हलका होई, तें भरधांव सुटे आणि उरलेल्या चात्यांवरचा धागा तुटे. १७८८ सालीं जेम्स वॅटनें ह्यावर उपाय केला. एंजिनाबरोबर फिरणाऱ्या एका उभ्या दांड्याला त्यानें दोन जड गोळे टांगले. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची झडप थोडी मिटे. वेग मंदावला कीं गोळे खालीं येत आणि झडप पुन्हां उघडे. पवनचक्कीवाले अशी युक्ति जात्यांचें अंतर राखण्यासाठीं आधींपासून वापरीत असत. वॅटनें ती वाफेच्या सेवेला लावली. तिला गव्हर्नर हें नांव पडलें. पुढें १८५६ सालीं मुंबईस ताडदेवला पहिली सूतगिरणी वाफेवर चालूं लागली. सारें सूत एका चालीनें निघावयाचें तर अशा गिरणींतील एंजिनाची चालही एकसारखी राहणें भाग होतें.

येथवर सारें ठीक झालें. पण थोड्याच काळांत एक विलक्षण प्रकार दिसूं लागला. कांहीं एंजिनें गव्हर्नर बसविल्यावर स्थिर होण्याऐवजीं हेलकावे खाऊं लागलीं. वेग वाढे, मग एकदम घटे, पुन्हां वाढे, आणि हा झोंका थांबेच ना. इंग्लंडांतील कारागीर ह्याला हंटिंग म्हणत. जणूं कांहीं यंत्र हरवलेला वेग हुडकीत फिरत आहे! त्याहून आश्चर्य असें कीं, यंत्रें जसजशीं अधिक सफाईदार बनूं लागलीं तसतशी ही खोड वाढत गेली. जुन्या ओबडधोबड सांध्यांतील घर्षण ह्या हेलकाव्याला नकळत आवर घालीत होतें. कारागिरी सुधारली, घर्षण कमी झालें, आणि तो आवरही गेला.

ह्याचें कारण काय? वर्दी पोंचण्यास वेळ लागतो, हें त्याचें कारण. वेग वाढल्याची जाणीव गोळ्यांना होईपर्यंत आणि झडप मिटून तिचा परिणाम जड चाकावर दिसेपर्यंत कांहीं काळ जातो. तेवढ्यांत झडप गरजेपेक्षां जास्त मिटलेली असते. वेग खालीं येतो तो नेमक्या जागीं न थांबतां आणखी खालीं जातो. मग सुधारणा उलट्या दिशेनें सुरू होते आणि तीही तशीच अति होते. ज्याला न्हाणीघरांत गरम पाण्याचा नळ जुळवितां जुळवितां एकदां चटका बसतो आणि एकदां हुडहुडी भरते, त्याला हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ह्या खोडीमागील नियम शोधण्याचें काम गणितज्ञांकडे आलें. ग्रिनिच येथील राजज्योतिषी जॉर्ज एअरी ह्यांना ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरविणाऱ्या यंत्रांत हाच प्रकार आढळला, आणि १८४० च्या सुमारास त्यांनीं त्याचें गणित मांडण्यास आरंभ केला. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनीं १८६८ सालीं रॉयल सोसायटीपुढें गव्हर्नरांविषयीं एक निबंध ठेवला. विद्युत् आणि प्रकाश ह्यांचें नातें जोडणारे ते हेच मॅक्सवेल. यंत्राला धक्का बसल्यावर चार गोष्टी घडूं शकतात, असें त्यांनीं दाखविलें. विचलन हळूहळू विरेल, अथवा सतत वाढत जाईल. हेलकावे लहान होत थांबतील, अथवा मोठे होत जातील. ह्यांपैकीं काय घडेल हें यंत्राच्या घडणीवरून, तें चालूं करण्यापूर्वींच, गणितानें सांगतां येतें. ह्यापुढें सुधारणा किती करावी आणि किती वेळांत करावी, हा प्रश्न नुसत्या अंदाजाचा राहिला नाहीं.

ह्याच कल्पनेचें एक रूप आपल्या पुण्याजवळ उभें राहिलें. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून १८८३ सालीं इंजिनिअर होऊन बाहेर पडलेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस होते. खडकवासल्याच्या तलावांतून पावसाळ्यांत दरवर्षीं पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई. तें अडवावें तर भिंत उंच करावी लागणार आणि पुराचा दाब तिच्यावर येणार. सांडव्यावर नुसते दरवाजे बसवावे तर मध्यरात्रीं पूर आला असतां ते वेळेवर उघडले जातील ह्याची हमी कोण घेणार? पहारेकऱ्याची एक डुलकी साऱ्या खोऱ्याला भोंवली असती. विश्वेश्वरय्यांनीं असे दरवाजे योजिले कीं, पाणी जुन्या सांडव्याच्या माथ्यावर सुमारें ८ फूट चढेपर्यंत ते त्याला अडवून धरीत. त्याहून वर चढलें तर आपोआप उघडत, आणि पातळी उतरली कीं आपोआप मिटत. १९०३ सालीं ते खडकवासल्यास बसविले गेले. पुढें ग्वाल्हेरजवळ तिग्रा येथें आणि म्हैसूर राज्यांत कृष्णराजसागरावरही अशा दरवाजांचा उपयोग झाला. माळ्यावरील टाकींतला गोळा आणि हे दरवाजे ह्यांच्यामागील तत्त्व एकच. भेद एवढाच कीं, येथें नळाच्या जागीं नदी होती.

पाणी आणि वाफ ह्यांच्या राज्यांतून ही कल्पना विजेच्या राज्यांत गेली ती टेलिफोनच्या वाटेनें. शेंकडों मैलांच्या तारेंत आवाज क्षीण होत जातो, म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं निर्वात नलिकांचे विवर्धक बसवावे लागत. विवर्धक म्हणजे क्षीण आवाजाला बळ देणारी योजना. परंतु प्रत्येक विवर्धक आवाज वाढवितांना तो थोडासा विद्रूपही करी. असे पुष्कळ विवर्धक ओळीनें आले कीं बोलणाऱ्याचे शब्द ओळखूं येत नसत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे तरुण इंजिनिअर हॅरल्ड ब्लॅक ह्या कोड्याशीं कित्येक वर्षें झगडत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं कामावर जातांना हडसन नदीच्या नावेंत त्यांना उत्तर सुचलें आणि हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनीं तें टिपून ठेविलें.

उत्तर असें होतें: विवर्धकांतून बाहेर पडणाऱ्या विजेचा थोडा भाग उलटा करून पुन्हां आंत सोडावयाचा. मूळ आवाजांत नव्हतें असें जें कांहीं नलिकेनें पदरचें घातलें असेल, तें ह्या उलट्या भागामुळें बहुतांशीं पुसलें जातें. विवर्धनाची शक्ति फार घटते हें खरें, पण उरलेला आवाज खणखणीत आणि खरा असतो. मोठ्या कष्टानें मिळविलेली शक्ति अशी वाया घालवावयाची, हें पुष्कळांना वेडेपणाचें वाटलें. ब्लॅक ह्यांनीं १९२८ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. तें हातीं येण्यास १९३७ साल उजाडलें.

विजेच्या ह्या प्रांतांतही जुनी खोड पुन्हां आड आली. परत सोडलेला भाग वेळ चुकून आला तर तो चूक पुसण्याऐवजीं तिला बळ देतो आणि विवर्धक आपणच किंचाळूं लागतो. सभेंत ध्वनिक्षेपक एकाएकीं शीळ घालतो तेव्हां सारे श्रोते कानांवर हात ठेवतात. कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां बोलणाऱ्याच्या पुढ्यांतील यंत्रांत शिरून त्याच फेऱ्यांत वाढत जातो, म्हणून ती शीळ उठते. विवर्धक केव्हां शांत राहील आणि केव्हां किंचाळेल, हें ओळखण्याची कसोटी हॅरी निक्विस्ट ह्यांनीं १९३२ सालीं दिली. मॅक्सवेल ह्यांच्या निबंधाला तेव्हां ६४ वर्षें झालीं होतीं. प्रश्न त्याच जातीचा होता.

पोलाद आणि दगड ह्यांचें बांधकाम तरी ह्या नियमांतून सुटलेलें असेल, असें आपल्याला वाटतें. तें तसें नाहीं, हें १९४० सालीं दिसून आलें. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत टॅकोमा येथील खाडीवर एक नाजूक आणि देखणा झुलता पूल १ जुलै रोजीं खुला झाला. त्याचा मधला गाळा २८०० फूट लांब होता. पूल वाऱ्यावर इतका हाले कीं, लोक मुद्दाम तो झोंका अनुभवावयास येत. ७ नोव्हेंबरला ताशीं सुमारें ४० मैलांच्या वाऱ्यांत तो पिळवटूं लागला आणि तुटून पाण्यांत पडला. मनुष्यहानि झाली नाहीं. मोटारींत अडकलेलें एक कुत्रें मात्र गेलें. पूल वाऱ्याचा नुसता दाब सोसूं शकत होता, आणि त्याहून प्रचंड वादळ सोसण्याइतकी त्याची शक्ति होती. घडलें तें असें: पुलाची वाट थोडी पिळली कीं वारा तिच्यावर निराळ्या तऱ्हेनें आदळे, आणि तो आघात त्या पिळालाच पुढें ढकली. परिणाम पुन्हां कारणाकडे परत येत होता, पण आवर घालण्यासाठीं नव्हे, चिथावण्यासाठीं. तेव्हांपासून मोठ्या झुलत्या पुलाची प्रतिकृति वाऱ्याच्या बोगद्यांत तपासून पाहण्याची रीत पडली. टॅकोमाला १९५० सालीं नवा पूल झाला, तो अधिक रुंद आणि ताठ, वारा आरपार जाऊं देणाऱ्या खुल्या कैच्यांचा.

आतां पुन्हां खडकवासल्याकडे वळूं. १२ जुलै १९६१ रोजीं मुठेच्या खोऱ्यांत वरच्या अंगाला नुकतेंच उभें राहिलेलें पानशेतचें मातीचें धरण फुटलें. तो लोंढा खडकवासल्यावर आला, त्याच दिवशीं तेंही धरण फुटलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. त्या दिवसाची आठवण पुण्यांतील घराघरांत अजून सांगितली जाते. दरवाजे स्वयंचलित असोत वा हातानें उघडावयाचे असोत, ते नदीच्या पुराचा हिशेब करून बांधलेले असतात. एक अख्खा तलाव कांहीं तासांत अंगावर येईल, हें त्या हिशेबांत नसतें. यंत्राला जी मर्यादा घालून दिली, तिच्या आंत तें डोळ्यांत तेल घालून पहारा करतें. मर्यादेपलीकडे काय आहे हें त्याला ठाऊक नसतें, आणि आपल्याला ठाऊक नाहीं हेंही त्याला कळत नाहीं.

१९४८ सालीं नॉर्बर्ट वीनर ह्या अमेरिकन गणितज्ञानें ह्या साऱ्या शास्त्राला सायबरनेटिक्स असें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील सुकाणू धरणाऱ्या तांडेलाच्या नांवावरून तें घेतलें आहे. आणि वॅटच्या यंत्राचें गव्हर्नर हें नांवही लॅटिनच्या वाटेनें त्याच शब्दापासून आलेलें आहे. ही निवड मार्मिक आहे. चांगला तांडेल नाव किंचित् कलली कीं सुकाणू सर्व जोर लावून फिरवीत नाहीं. नाव किती कलली, किती वेगानें कलत आहे आणि किती वेळ कललेली आहे, हें पाहून तो हात हलवितो. विजेची इस्त्री, शीतकपाट, विमान आणि गिरणी ह्यांना हा हात आपण शिकविला आहे, आणि त्यामुळें असंख्य माणसांची रात्रीची झोंप वांचली आहे. परंतु नाव कोठें न्यावयाची आणि खडक कोठें आहेत हें नकाशावर पाहण्याचें काम आपण त्याच्याकडे दिलेलें नाहीं. तें काम अद्याप आपलेंच आहे, आणि तें ज्यांच्याकडे आहे त्यांनीं झोंपून चालणार नाहीं.