मागावरचा पुरुष, कांडीवरची बाई

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्यांना आधार होता. हातमाग गावात आधीपासून होते आणि विणकरांच्या घरातली वाटणीही ठरलेली होती: मागावर पुरुष, कांड्या भरायला बाई. यंत्रमागाने पाय मारण्याचे आणि धोटा फेकण्याचे श्रम काढून घेतले. उरले ते तुटलेली तार सांधणे, संपलेली कांडी बदलणे आणि कापडावर नजर ठेवणे. अंगबळाचे कारण संपले, वाटणी मात्र तशीच राहिली. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवून घ्यायला आवडते. पण त्या मँचेस्टरच्या मुलखात, लँकेशायरमध्ये, एकोणिसाव्या शतकात यंत्रमागावर बायकाच जास्त होत्या. तेव्हा ‘बाईला झेपत नाही’ हे उत्तर टिकत नाही.

कोणी कायद्याकडे बोट दाखवेल. 1948च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद केली आणि यंत्रमाग तर रात्रंदिवस चालतो. हे खरेच, पण वीज वापरणाऱ्या कारखान्याला तो कायदा मुळात दहा कामगारांपासून लागत होता, आणि इथे त्याहून लहान कारखाने कितीतरी. शिवाय वाटणी कायद्याहून जुनी.

शरीराचा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाईचे हृदय सरासरीने लहान, स्नायू आणि हिमोग्लोबिन कमी. त्यामुळे कमाल श्रमात शरीर वापरते तो प्राणवायूही कमी. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतही हा फरक दिसतो. 1991च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर हृदयरोपणासाठी दर किलो वजनामागे मिनिटाला 14 मिलिलिटर प्राणवायू ही रेघ रूढ झाली. पुढे दिसले, की तेवढाच आकडा असलेल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणून 2006च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत बायकांसाठी नुसत्या आकड्याबरोबर अपेक्षित क्षमतेच्या 50 टक्क्यांचा निकषही विचारात घ्यायला सांगितले. कमी आकडा म्हणजे तितकीच कमी ताकद, असे दवाखान्यातही सरळ धरता येत नाही. मागावर तर त्या कमाल श्रमाची वेळच येत नाही. तिथे लागते ते तासन्‌तास उभे राहणे, सरावलेला हात आणि तीक्ष्ण नजर. कांडी भरणारीकडे यातले काय कमी होते? तरीही मजुरी कामाच्या नावावर ठरली: मागाची जास्त, कांडीची कमी.