माळरान : परिस्थितिकीय मूल्यमापन (बेळगाव–निपाणी परिसर)

माळरान म्हणजे सलग गवत आणि त्यात विखुरलेली हिवर, खैर, बोर, पळस अशी झाडे असलेली खुली परिसंस्था. खानापूरच्या सदाहरित रानांकडून पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे जाताना पाऊस झपाट्याने घटतो. निपाणी, चिकोडी, गोकाक भागात नांगराखाली न आलेल्या उतारांवर आणि गायरानांत माळ टिकून आहेत. त्यांची प्रकृती जोखण्याचे रूढ माप मात्र मुळातच चुकते. भारतीय वन सर्वेक्षण झाडांच्या छत्राची घनता मोजते : ७० टक्क्यांपासून पुढे अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० विरळ, आणि त्याखाली खुरटे रान. हे माप लावले की उत्तम माळही ऱ्हास पावलेले जंगल ठरतो आणि वृक्षलागवड हा त्यावरचा उपाय होऊन बसतो. हावेरी जिल्ह्यातील राणेबेन्नूरच्या काळवीट अभयारण्यात गवताळ जमिनीचा मोठा भाग असाच निलगिरीखाली गेला.

मोजायला हवा तो जमिनीलगतचा थर. अमेरिकेच्या आग्नेय भागातील लाँगलीफ पाइनची खुली वने वारंवारच्या आगीवर टिकतात. तिथे मूळ गवतांचे आच्छादन आणि मधल्या झुडपांची दाटी पाहिली जाते. झाडे दाटली तर तो बिघाड समजतात. आपल्याकडे शेडा, मारवेल, कुसळी ही बहुवर्षायू गवते किती उरली, घाणेरी आणि वेडी बाभूळ किती शिरली, धाविक, चंडोल, खोकड, लांडगा वावरतात का, हे निकष हवेत.

माळ म्हणजे तोडलेले जंगलच, असा आक्षेप घेतला जातो. पश्चिमेच्या जास्त पावसाच्या भागात काही ठिकाणी तो खराही आहे. पण तेराव्या शतकातील लीळाचरित्रापासूनच्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासणारा २०२५ चा अभ्यास पश्चिम महाराष्ट्रातील माळ किमान साडेसातशे वर्षांचे असल्याचे दाखवतो. निपाणीची भूमी त्याच काळ्या पाषाणाची, त्याच पर्जन्यछायेतली. तेव्हा माळ प्राचीन नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी लागवड करू पाहणाऱ्यावर येते.

दुसरा प्रश्न आगीचा. लाँगलीफला दर एक ते तीन वर्षांनी आग मानवते, म्हणून इथेही वणवे लावावेत असे ठरत नाही. इथला माळ आग, चराई आणि गवतकापणी यांनी मिळून खुला राहतो. दरवर्षीच्या वणव्यावर अतिचराईची भर पडली की बहुवर्षायू गवते विरळ होतात, आणि खानापूरच्या सदाहरित रानात तर वणवा निव्वळ हानीच करतो. म्हणून शेवटची आग, चराई आणि कापणी कधी झाली, याची नोंद प्रत्येक पाहणीत हवी. पाहणी भाद्रपद-आश्विनात करावी. तेव्हा गवते तुऱ्यावर असल्याने नेमकी ओळखता येतात. वैशाखात सुस्थितीतला माळही उजाड भासतो.