कंदाहारचा किल्ला आणि सुपे-इंदापूरचा मोकासा

नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान सुपे आणि इंदापूर हे दोन परगणे होते. सुपे गाव आज बारामती तालुक्यात आहे, तर इंदापूर हे स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. सतराव्या शतकात हा मुलूख पावसाच्या बाबतीत बेभरवशाचा, पण अहमदनगरहून विजापूरकडे जाणाऱ्या फौजांच्या वाटेवरचा. निजामशाही आणि आदिलशाही यांची सरहद्द याच पट्ट्यात मागेपुढे होत असे. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. त्यांच्या मृत्यूच्या सालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

या परगण्यांचा मोकासा कोणी खावा, याचा निवाडा वरवर पाहता दौलताबादेत किंवा विजापुरात होई. प्रत्यक्षात त्याचा एक धागा कंदाहारपर्यंत आणि तिथून पुढे इस्फहानपर्यंत जात होता. हे विधान कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून घटनांचा क्रम नीट पाहावा.

1501 साली शाह इस्माईल इराणच्या गादीवर बसला आणि त्याने शिया पंथाला राजाश्रय दिला. पुढे दख्खनच्या सुलतानांनीही कमीअधिक काळ तोच पंथ स्वीकारला. अहमदनगरात बुऱ्हाण निजामशाहाने 1537 च्या सुमारास तो जाहीर केला. गोवळकोंड्यात तर शुक्रवारच्या खुतब्यात इराणच्या शाहाचे नाव घेतले जाई. पुष्कळ लेखक या नात्याची मीमांसा केवळ पंथापाशी थांबवतात. ती अपुरी आहे. इराण आणि दख्खन या दोहोंच्या मध्ये एकच बलाढ्य सत्ता उभी होती, ती म्हणजे मोगल. इराणच्या सीमेवर मोगल गुंतले की दख्खनला श्वास घ्यायला सवड मिळे, हा या मैत्रीचा व्यावहारिक पाया होता.

1622 साली शाह अब्बासने कंदाहार जिंकले. जहांगीरने शाहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, तिकडे जाण्याचा हुकूम दिला. दिल्ली-आग्र्यापासून दूर गेलो तर गादी हातची जाईल, या भीतीने त्याने तो मोडला आणि बंड केले. मोगल फौजा बापलेकांच्या भांडणात अडकल्या. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी निजामशाहीच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच पडले. येथे आदिलशाही मोगलांच्या बाजूला उभी होती, हे विसरू नये. पंथ एक आणि पक्ष दुसरा, हा दख्खनचा नित्याचा अनुभव होता. त्यानंतर बंडखोर खुर्रमने त्याच मलिक अंबराचा आधार घेतला.

मलिक अंबर 1626 साली वारला. 1629 च्या आरंभी शाह अब्बासही गेला. त्याचा नातू शाह सफी बगदादसाठी उस्मानी तुर्कांशी झुंजत राहिला आणि 1638 मध्ये ते शहर गमावून बसला. इराणचा दाब नाहीसा झाल्यामुळे शाहजहानला सर्व बळ दक्षिणेवर लावता आले. त्यातच 1630 ते 1632 चा भीषण दुष्काळ आला. शहाजीराजे मोगलांकडे गेले, परत फिरले, एका बाल निजामशाहाला गादीवर बसवून त्यांनी राज्य चालवून पाहिले. 1636 साली शाहजहान स्वतः दौलताबादेत आला आणि तो डाव संपला. आदिलशाहीला भीमा-नीरेमधला निजामशाही मुलूख मिळाला. कुतुबशाहाला खुतब्यातून इराणच्या शाहाचे नाव काढून शाहजहानचे घालावे लागले. शहाजीराजे आदिलशाही सरदार झाले. पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण त्यांच्याकडे राहिले. रयतेच्या दृष्टीने वसुली करणारे भोसले तेच, मात्र त्यांच्या माथ्यावरचा धनी बदलला.

इराणने तुर्कांशी 1639 मध्ये तह केला. मधल्या काळात मोगलांकडे गेलेले कंदाहार दुसऱ्या शाह अब्बासने 1649 च्या फेब्रुवारीत पुन्हा घेतले. नेमक्या त्याच वेळी शहाजीराजे विजापूरच्या कैदेत होते आणि तरुण शिवाजीराजे दख्खनचा मोगल सुभेदार मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार करीत होते. शाहजहानने कंदाहारसाठी तीन वेढे घातले. दोन औरंगजेबाने, तिसरा 1653 मध्ये दाराने चालवला. तिन्ही फसले. अपयशाचा शिक्का घेऊन औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर परत आला आणि आपली पत सावरण्यासाठी गोवळकोंडा व विजापूर यांच्यावर तुटून पडला. या धामधुमीच्या सुमारास, 1656 मध्ये, शिवाजीराजांनी संभाजी मोहित्यांकडून सुपे आपल्या ताब्यात घेतले. कंदाहार हेच यामागचे एकमेव कारण, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण विजापूरचे लक्ष उत्तरेच्या संकटाकडे लागले होते, हे नाकारता येत नाही.

1660 च्या उन्हाळ्यात शाहिस्तेखानाची फौज सुपे, बारामती आणि शिरवळ या मार्गाने पुण्याकडे गेली. खानाचा आजा मिर्झा गियास बेग नशीब काढायला इराणातून अकबराच्या दरबारी आला होता. त्याची नात मुमताज महल, म्हणजे औरंगजेबाची आई. कऱ्हेकाठच्या कुणब्याच्या उभ्या पिकातून जाणारा सेनापती असा एका इराणी स्थलांतरिताचा नातू होता.

1666 साल तर या साऱ्याचा कळस म्हणावे असे. औरंगजेबाचा वकील तरबियतखान इराणातून अपमानित होऊन परतला. त्याच्यासोबत आलेल्या पत्रात शाहाने औरंगजेबाची निर्भर्त्सना केली होती आणि शिवाजीला आवरता येत नाही, असा टोमणाही मारला होता. ज्यांच्या वडिलांकडे एकेकाळी सुपे-इंदापूरचा मोकासा होता, त्यांचे नाव इराणच्या दरबारी खलित्यात बादशहाला हिणवण्यासाठी आले. त्याच वर्षी मे महिन्यात राजे आग्र्यात आले आणि ऑगस्टमध्ये निसटले. सप्टेंबरात औरंगजेबाने शाहजादा मुअज्जम आणि जसवंतसिंह यांना दक्षिणेकडे नव्हे, तर पंजाबकडे धाडले, कारण इराणी स्वारीची धास्ती होती. शाह अब्बास त्याच वर्षी मरण पावला आणि धास्ती ओसरली. 1667 मध्ये मुअज्जम औरंगाबादेस सुभेदार म्हणून आला, आणि त्याच्याच मध्यस्थीने पुढच्या वर्षी शिवाजीराजांच्या ‘राजा’ या किताबाला बादशाही मान्यता मिळाली.